पाणी मुरतंय

आवैरूच्या खाडीकाठी, विद्यापीठाच्या तळघरात
मी एका चुंबकाची राखण करतो.
किल्ल्या, घड्याळ, कंबरेचा पट्टा
बाहेरच्या टोपलीत टाकून आत जायचं.

ग्रासिएट सकाळी येते.
खोक्यात काचेच्या नळ्या, नळ्यांत गढूळ पाणी
आणि पाण्यात तिनं भाजलेली पांढरी भुकटी,
जिच्या कणाकणात खोल्याच खोल्या.
सगळ्या भिंती उलगडून अंथरल्या
तर चिमूटभर भुकटीनं टेनिसचं मैदान झाकेल,
असं ती म्हणते. मी मोजायला गेलेलो नाही.

मधूनच एखाद्या खोलीत गॅडोलिनियम बसवलेला,
सात एकट्या इलेक्ट्रॉनांचा धनी.
मोकळा सुटला तर विष,
कोंडून ठेवला तर दिवा.
पाण्यानं आत यायचं, त्याच्यापाशी टेकायचं
आणि लगेच निघायचं, मागचं पाणी ताटकळतंय.
चुंबकानं रांगेत उभं केलेलं,
आम्ही ठोका देऊन आडवं पाडलेलं पाणी
पुन्हा उभं राहायची जितकी घाई करेल
तितकं चित्र उजळ.
एवढीच गोष्ट.
या एवढ्याशा गोष्टीला सहा वर्षं झाली.

एकवीस नंबरची छिद्रं अरुंद.
पाणी उंबऱ्याशीच अडलं,
पडद्यावर नळी धुरकटच राहिली.
तेहतीस नंबरची रुंद.
नळी अशी लखलखली की आम्ही बिअर आणली,
आणि सोमवारी, आम्लाच्या चाचणीत, कळलं
दिवाच घर सोडून गेलाय.
कुठंतरी पाणी मुरतंय, म्हणतात ना,
मुरायलाच तर हवं होतं आम्हाला.
फक्त जाताना त्यानं
घरमालकाला सोबत न्यायला नको होतं.

तिचा बाप बेल्मीरू मिठागरात राबलेला,
टाचा अजून भेगाळ, पांढऱ्या.
मागच्या हिवाळ्यात त्याच्या यकृतात काहीतरी दिसलं.
मूत्रपिंडं थकलेली, म्हणून नेहमीचं औषध टोचायला
डॉक्टर धजेनात,
आणि बिनऔषधाच्या चित्रावरून
डाग की सावली,
छातीठोक कुणी सांगेना.

एका रविवारी तो तळघरात आला.
पट्टा काढला, विजार एका हातानं धरली,
दुसऱ्या हातात छिद्राचं चित्र. बराच वेळ बघत राहिला.
“दार मोठं करत बसू नकोस.
फाटकाची फळी कधी काढून फेकलीय का आम्ही?
दोन बोटं उचलायची, बस.
आणि तळ तुडवायचा, पाय भरून येईस्तोवर.”
“पप्पा, हे अणू आहेत.”
“असतील. पाणी तर तेच ना?”

तिनं काही लिहून घेतलं नाही. मी तिथंच होतो.
मे महिन्यात एक्केचाळीस नंबर आला:
दारं बेताची, भट्टीत दुप्पट वेळ.
मी काही म्हणत नाही.
नळी उजळली. आठवडाभर आम्लात बुडवून ठेवली,
रोज सकाळी पाणी तपासलं,
यंत्राला काही सापडलं नाही.
या खेपेला बिअर कुणी आणली नाही.

आता उंदीर. मग डुकरं. मग समित्या,
मग माणसं, तीही आधी ठणठणीत असलेली.
दहा वर्षं, ती म्हणाली, सगळं सरळ गेलं तर.
बेल्मीरूनं बोटांवर मोजलं,
वर्षं नाही, मिठाचे हंगाम,
त्यातला एखादा पावसानं बुडतो तोही धरून,
आणि हात खिशात घातला.

ऑगस्टमध्ये त्याचं पुन्हा चित्र काढलं,
पुन्हा बिनऔषधाचं.
डॉक्टर म्हणाले, बघू.

शुक्रवारी तो माझ्यासाठी मिठाची पुरचुंडी ठेवून गेला.
संध्याकाळी एक्केचाळीस परत एकदा मोजायचा होता.
किल्ल्या टोपलीत टाकल्या, घड्याळ टाकलं.
पुरचुंडी खिशात तशीच राहिली.
आत गेल्यावर लक्षात आलं, क्षणभर दचकलो,
पण मिठाला चुंबकाशी काही देणंघेणं नसतं.